भूगोलाची जागा

पदवीचा कागद हातात पडेपर्यंत नोकरीसाठी थांबणारा माणूस आमच्या काळी भोळा समजला जायचा. एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच जो तो आपापली जागा धरून ठेवण्याच्या मागे असे. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून ठेवतात ना, तसं. मुलं सीताबर्डीवर टायपिंगच्या क्लासला जात, काही बँकेच्या परीक्षेची गाइडं घोकत, मुली बी.एड.ची चौकशी करत. आणि ज्यांना कॉलेजात शिकवायचं होतं, ते एखाद्या संस्थेच्या अध्यक्षाला जाऊन चिकटत. तेव्हा नागपूरच्या आसपास जिकडेतिकडे नवी कॉलेजं निघत होती. कॉलेज निघायच्या आधीपासूनच तिथे राबायला लागलं की निघाल्यावर जागा आपल्यालाच मिळणार, असा साधा समज होता. या राबण्याला पगार नसे. ‘करत राहा, तुमची जागा पक्की’ एवढं अध्यक्षांचं वाक्य असे, आणि त्या वाक्याच्या जोरावर चांगली शिकलीसवरलेली माणसं सतरंज्या उचलत. मीही उचलल्या.

आम्ही कोराडीला वीजकेंद्राच्या कॉलनीत राहत होतो. बाबा तिथे स्टोअरमध्ये होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे वाळत घातलेल्या कपड्यांवर दुपारपर्यंत राखेची साय, आणि ती झटकताना आईच्या तोंडून धुरांड्यांचा उद्धार. रोज सकाळी बसने शहरात जायचं आणि संध्याकाळी कोळशाच्या ट्रकांमागून परत यायचं, असं माझं विद्यापीठ. मला खरं तर इतिहास घ्यायचा होता. पण माझ्यापेक्षा मोठ्या असलेल्या दादाने भूगोलात एम.ए. केलं होतं, त्याची पुस्तकं, नोट्स, रंगीत पेन्सिली सगळं घरात पडलं होतं. ‘आहे ते वापर’ असं बाबा म्हणाले आणि माझा विषय ठरला. घरात मोठ्या भावाचा स्वेटर धाकट्याच्या अंगावर येतो, तसा माझ्या अंगावर भूगोल आला. गंमत अशी की मला तो बरोबर बसला आणि दादाला कधी बसलाच नव्हता. तो कसाबसा सेकंड क्लास घेऊन बाहेर पडला होता आणि दोन वर्षं घरी होता. व्हॉलीबॉल उत्तम खेळायचा, दिसायला राजबिंडा, स्वभावाने गोड. नोकरी मात्र त्याच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती.

एम.ए.च्या पूर्वार्धात, म्हणजे पहिल्या वर्षी, मी वर्गात पहिली आले. मग आमच्या एका सरांनी मला बोलावून सांगितलं की पारशिवनीच्या पुढे एका गावात कला महाविद्यालय निघतंय, त्यांना भूगोलाचा विभाग उभा करून द्यायला कोणीतरी हवंय, जाऊन भेट. मी गेले. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे धानाची गिरणी, संत्र्याची बाग आणि जीप असलेला माणूस. पांढरेशुभ्र कपडे, सगळ्यांना ‘बेटा’ म्हणायची सवय. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये पार्टिशनं घालून त्यांनी वर्ग पाडले होते. त्यांतल्या एका रिकाम्या खोलीत मला उभं करून ते म्हणाले, ही तुमची खोली. तुम्हीच उभी करा, तुम्हीच चालवा. मला तेव्हा काय वाटलं ते सांगायला लाज कशाला? माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. घरात माझ्या नावाचा एक कोपरासुद्धा नव्हता, आणि इथे एक माणूस मला अख्खी खोली देत होता.

उत्तरार्धाचं पूर्ण वर्ष माझे रविवार त्या खोलीत गेले. आठवडाभर विद्यापीठ, रविवारी पहिल्या बसने पारशिवनी आणि पुढे जे वाहन मिळेल ते. भिंतीवर लावायला तयार नकाशे घ्यायला संस्थेकडे पैसे नव्हते, म्हणजे होते, पण ते फाटकावरच्या कमानीवर खर्च झाले होते. म्हणून नकाशे मी काढले. पर्जन्याचा, मातीचा, पिकांचा, रेल्वेचा, एकेक मोठा कागद जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून. पेंच नदीच्या खोऱ्याचं एक उठावाचं मॉडेल केलं. रद्दीचा लगदा, त्यात मेथीची पूड आणि डिंक, वरून आईच्या रांगोळीचे रंग. घरी आले की अभ्यास, आणि अभ्यास झाला की शिकवायची तालीम. तालमीला विद्यार्थी दादा. तो खाटेवर मांडी घालून बसायचा आणि मी कपाटाच्या दाराला फळा समजून मोसमी वारे समजावायची. तो मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारायचा, आई गहू निवडता निवडता हसायची. बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडायचे की आवाज मागच्या बाकापर्यंत जाऊन नाही राहिला. माझ्या नोकरीच्या तयारीत सगळं घर सामील होतं, हे मला आजही नाकारता येत नाही.

थंडीत विद्यापीठाची कमिटी कॉलेज बघायला येणार असं कळलं. परवानगी या कमिटीच्या हातात. ती कशी मिळवतात ते मला त्या आठवड्यात कळलं. ग्रंथालयात पुस्तकं नव्हती, ती दुसऱ्या कॉलेजातून पोत्यांत भरून आली आणि त्यांच्यावरचे शिक्के झाकायला आम्ही कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या. जमीन मोजायचे प्लेन टेबल आणि कंपास असेच उसने आले, संध्याकाळी परत पाठवायच्या बोलीवर. विद्यार्थीही उसनेच. शाळेतल्या वरच्या वर्गातली मिसरूड फुटलेली पोरं निवडून, इस्त्रीचे कपडे घालून बाकांवर बसवली. त्या सगळ्या जत्रेत खरी म्हणावी अशी एकच खोली होती आणि ती माझी होती. कमिटी आली तेव्हा मी त्या पोरांना पेंचचं खोरं शिकवत होते. कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ मॉडेलपाशी बराच वेळ थांबले. मग त्यांनी अध्यक्षांना विचारलं की या बाई तुमच्या लेक्चरर का? अध्यक्ष म्हणाले, ‘होणार आहेत.’ सगळ्यांसमोर म्हणाले. नंतर कमिटी पुरणपोळी जेवली, जीपमध्ये संत्र्याच्या टोपल्या चढल्या, आणि परवानगी मिळणार हे गावातल्या पोरासोरांनाही कळलं.

त्या संध्याकाळी अध्यक्ष मला स्वतःच्या जीपने घरी सोडायला आले. नागपूरला जायला त्यांना कोराडीवरूनच जायचं होतं. जीप कॉलनीत शिरली तसे शेजारचे लोक दारात आले. एवढा मोठा माणूस दारापर्यंत आला आणि चहा न घेता गेला, असं आमच्याकडे होऊ शकत नाही. आईने पोहे टाकले, बाबांनी घाईघाईने शर्ट बदलला, दादा ट्रे घेऊन बाहेर आला. अध्यक्षांनी माझं कौतुक केलं. पोरगी हिऱ्यासारखी आहे वगैरे. बाबा हात जोडून ऐकत होते. मग अध्यक्षांनी सहज विचारलं की हा मुलगा काय करतो? बाबा गप्प झाले. दोन वर्षं ते याच प्रश्नाला गप्प होत आले होते. तेव्हा दाराआडून आई बोलली. पाहुण्यांसमोर कधी न बोलणारी माझी आई.

“त्यानंबी तेच केलं जी. भूगोलच. पोरीच्या आधी.”

तिला फक्त पोराची लाज राखायची होती. तेवढंच. अध्यक्षांनी मान वर करून दादाकडे पाहिलं, दुकानात कापड बोटांत धरून बघतात तसं. त्याची जात-पोटजात, आजोळ कुठलं, शेती किती, असं सगळं त्यांनी दुसरा चहा येईपर्यंत विचारून घेतलं. मी कमिटीच्या दिवसाच्या आनंदात होते. मला वाटलं, काय साधा माणूस आहे, घरातल्या सगळ्यांची चौकशी करतो.

एप्रिलमध्ये माझी परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन मी घरी आले तर आईने शिरा केला होता. मला वाटलं माझ्यासाठी. जेवताना बाबांनी सांगितलं की अध्यक्षांच्या पुतणीचं स्थळ दादासाठी आलंय. मुलगी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, घराणं तोलामोलाचं. मी दादाची थट्टा केली. तो हसला नाही. मग बाबा म्हणाले की हुंडा आपण घेणार नाही. त्याच्याऐवजी ते दादाला कॉलेजात लावून घेतायत. भूगोलाला.

भूगोलाची जागा एकच होती. हे त्या ताटांभोवती बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी विचारलं की मग मी कुठे? बाबांनी ते उत्तर आधीच तयार ठेवलं असावं, कारण त्यांचा आवाजही चढला नाही. “पोरीची नोकरी दुसऱ्याच्या घरी जाते, बाई. पोराची घरात राहते. एवढं तर तुले समजते.” मी म्हटलं की ती जागा माझी आहे, मी सोडणार नाही. ते म्हणाले की सोडायची म्हणून कोणी सांगून राहिलं का, फक्त मुलाखतीला जाऊ नको म्हणजे झालं. माझे मार्क दादापेक्षा कितीतरी जास्त, बाहेरचे तज्ज्ञ बसणार, मी समोर असले तर दादाला घेणं त्यांना अवघड जाईल. म्हणजे माझ्या हुशारीची खरी किंमत माझ्या बापाला पुरती ठाऊक होती. आणि तिच्यामुळेच ते मला वाटेतून बाजूला व्हायला सांगत होते.

त्या उन्हाळ्यात घरात कोणी मला मारलं नाही, कोंडलं नाही. तसं झालं असतं तर भांडायला काहीतरी मिळालं असतं. उलट सगळे माझ्याशी आजारी माणसाशी वागतात तसे गोड वागत होते. आई मला आवडतं म्हणून रोज आंब्याचा रस करायची आणि वाटी पुढे सरकवताना हळूच म्हणायची, तुले तर जायचंच आहे वं, त्याच्या जिंदगीचा सवाल आहे. माझीही एक जिंदगी असेल, हे तिला वाईटपणाने नव्हे, खरोखरच सुचत नव्हतं. आत्या आली, मावशी आली, सगळ्यांनी मला कूलरसमोर बसवून समजावलं. एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की वर्षभराचे रविवार कोणाचे गेले.

शेवटी मी दादालाच गाठलं. तो मागच्या अंगणात सायकल पुसत होता. मी म्हटलं, तू नाही म्हण. तू म्हटलंस तर बाबा ऐकतील. तो बराच वेळ चाकाच्या तारा पुसत राहिला. मग म्हणाला, “मले दुसरं कोणी घेऊन नाही राहिलं. तुले तर कोणीही घेईल.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा राग आला आणि त्या पाण्याचा जास्त आला. रडायचा हक्क तरी त्याने माझ्याकडे ठेवायला हवा होता.

निकाल लागला. मला फर्स्ट क्लास मिळाला. मी मुलाखतीला गेले.

गेले म्हणजे कशी, तर आम्ही तिघं एकाच बसने गेलो. बाबा, दादा आणि मी. मी जाणारच हे कळल्यावर बाबांनी वाद घातला नाही, फक्त स्वतः बरोबर निघाले. आईने आम्हा दोघा भावंडांना मिळून एक डबा दिला. शेडच्या पडवीत दहाबारा उमेदवार बसले होते, कोणी अमरावतीचे, कोणी भंडाऱ्याचे, सगळे आपापल्या फायली मांडीवर घेऊन. मला त्यांची कीव आली. ते इतक्या लांबून एका लग्नाच्या बोलणीला आले होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. बाबा मात्र पडवीत नव्हते. ते अध्यक्षांच्या खोलीत गादीवर बसले होते, व्याही म्हणून.

माझी मुलाखत चांगली झाली. चांगली म्हणजे मी आजवर तशी पुन्हा दिली नाही. बाहेरून आलेल्या दोन तज्ज्ञांपैकी एकाने जमिनीची धूप विचारली, दुसऱ्याने पीकपद्धती, आणि दोघंही प्रश्न विचारता विचारता पुढे झुकून बसले. मला कळत होतं की मी जिंकतेय. मग अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले की मुलगी हुशारच आहे, पण तिच्या वडिलांनी आत्ताच आम्हाला सांगितलंय की यंदा तिचं लग्न करायचंय, नोकरी करवायची नाही. आम्ही कॉलेज काढतोय, बाई मध्येच सोडून गेल्या तर पोरांचं नुकसान.

मी म्हटलं, “वडिलांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला ही नोकरी हवी आहे.”

धूप विचारणारे तज्ज्ञ समोरच्या अर्जांकडे बघत राहिले. दुसऱ्यांनी दादाच्या अर्जावर बोट ठेवून चष्मा काढला. ते भले गृहस्थ होते, त्यांचा सूर अगदी घरच्या माणसाचा होता. ते म्हणाले, “अहो, तो भाऊच ना तुमचा? मग जागा घरातच राहतेय. बहिणीने एवढं मनाला लावून घेऊ नये.”

मी नमस्कार केला आणि बाहेर आले. पडवीत दादा डबा उघडून बसला होता. त्याने माझ्यासाठी अर्धा ठेवला होता.

कॉलनीत पेढे वाटले. माझ्या फर्स्ट क्लासचे आणि दादाच्या नोकरीचे, एकत्रच, एका डब्यातून. लोक पेढा उचलत आणि दादाची पाठ थोपटत. मला म्हणत, आता तुझा नंबर, आणि त्यांना लग्नाचा नंबर म्हणायचा असे. बाबा मात्र पुढे आयुष्यभर ताठ मानेने सांगत राहिले की पोराच्या लग्नात आम्ही एक पैसासुद्धा हुंडा घेतला नाही. ते खोटं नव्हतं. ऐकणारे वाहवा करायचे आणि मी चहाचे कप उचलून आत जायची.

लग्न कार्तिकात झालं. तोपर्यंत मी दुसरीकडे दोन मुलाखती देऊन आले होते. एका ठिकाणी विचारलं की शिकवण्याचा काही अनुभव? मी पारशिवनीकडचं सांगितलं. ते म्हणाले, त्या कॉलेजचं पत्र आणा. मी पत्र मागायला गेले नाही. कोणाकडे मागणार होते? त्या विभागात आता माझा भाऊ बसत होता, आणि मी लिहिलेल्या टिपणांवरून शिकवत होता. ती त्याने माझ्याकडे मागितलीही नव्हती. ती घरातच होती ना.

लग्न मुलीच्या गावी, म्हणजे कॉलेजच्याच पटांगणात. जानोसा, म्हणजे वऱ्हाडाची उतरायची जागा, शेडमध्ये दिला होता. माझ्या त्या खोलीत आमच्याकडच्या बायका साड्या नेसत होत्या, मी तिकडे फिरकले नाही. नवऱ्याची बहीण म्हणून मी करवली होते. हातात करा-दिवा घेऊन मी दादाच्या मागे उभी राहिले, अक्षता पडेपर्यंत. आमच्यात करवलीचा मान मोठा. अध्यक्षांनी भर मांडवात मला बोलावून जरीकाठाची साडी दिली आणि डोक्यावर हात ठेवून चारचौघांना सांगितलं की ही आमची पोरगी, हिनेच पहिल्या दिवसापासून कॉलेज उभं केलं. लोकांनी माना डोलावल्या. मी वाकून नमस्कार केला. करवलीने करायचा असतो.

परत येताना नव्या नवरीजवळ मला बसवलं. बस पारशिवनी सोडून पुढे आली, माणसं पेंगायला लागली, पुढच्या सीटवर दादा खिडकीला डोकं टेकून झोपला होता. वहिनी माझ्यापेक्षा तीनचार वर्षांनी लहान. मांडवात तिचा चेहराही मी नीट पाहिला नव्हता. पाहायची इच्छाच नव्हती, कारण गेले सहा महिने माझ्या मनातल्या सगळ्या शिव्या तिच्या नावाने चालल्या होत्या. ती पदर सावरून हळू आवाजात म्हणाली की गावातल्या बाया बोलून राहिल्या होत्या, ती जागा ताईची होती म्हणून. तिने पुढे झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“मले त कोनं इचारलंच नाही जी. तुमाले इचारलं होतं का?”

“विचारलं होतं,” मी म्हणाले.

“मंग?”

“मी नाही म्हटलं होतं.”

हातातल्या हिरव्या चुड्याशी चाळा करत, कोणाला टोचेल असं काही न म्हणता, ती म्हणाली, “मंग आपलं दोघीचं सारखंच झालं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही मॅट्रिक, मी एम.ए. फर्स्ट क्लास. हिने तोंड उघडलं नाही, मी मुलाखतीत सगळ्यांसमोर बोलले. सारखं कसं? मी तिला तो फरक समजावून सांगणार होते, अगदी नीट, पहिल्या मुद्द्यापासून. कोराडीची धुरांडी दिसेपर्यंत मी तो शोधत होते. मग बस थांबली, आई ओवाळायला आरती घेऊन दारात उभी होती, आणि मी वहिनीचा हात धरून तिला खाली उतरवलं.